भाड्यास रुपये दोन

पंचवटीतील घरी बसून मी मोडी कागदपत्रांचे बाळबोध लिप्यंतर करून देते. २०२३ पासून कुणबी नोंदींसाठी लोकांची रीघ लागली असून, जन्म-मृत्यूचे उतारे आणि जुनी खरेदीखते वाचण्यातच दिवस सरतो. गेल्या पितृपक्षात सिन्नरहून अडुसष्ट वर्षांचे एक गृहस्थ आले. त्यांच्याकडे मात्र जमिनीचा कागद नव्हता, तर त्यांची दिवंगत आई जिथे वाढली त्या जुन्या बालकाश्रमाच्या नोंदवहीतील एका पानाची छायाप्रत होती.

आश्रमानेच त्यांच्या आईचे लग्न लावून दिले होते. आपली आई बाळंतपणात गेली, एवढेच तिला लहानपणी सांगण्यात आले होते. हे पान काकांनी आधी एका जाणकाराकडून वाचून घेतले होते आणि त्यानेही ‘आई मयत’ असेच लिहून दिले होते.

“गावाचं नाव लागत नाही म्हणाले. आजीच्या गोतातलं कोणी सापडलं तर बघावं, म्हणून आलो, ताई.”

गाव लागणार कसे? त्या रकान्यात ‘सांगत नाही’ असे लिहिले होते. महात्मा फुल्यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि १८७५ मध्ये पंढरपुरातही असेच काम सुरू झाले, ते विधवांना गुपचूप बाळंत होता यावे आणि मूल जगावे म्हणून. आईचे नावगाव न विचारणे हाच त्या आसऱ्याचा पाया होता. आज नातवंडांना तिथेच वाट खुंटलेली दिसते, पण मला त्या कोऱ्या जागांचा राग कधी आला नाही.

मोडीत आधी आडवी रेघ ओढून तिला अक्षरे लटकवतात, शब्द तोडत नाहीत, त्यामुळे डोळा पुढे धावतो आणि मन ओळखीचा शब्द भरून टाकते. मी भिंग घेऊन शेवटची ओळ अक्षर-अक्षर लावली. शके १८५४, माघ शुद्ध पंचमी, म्हणजे इसवी सन १९३३. “आई तीन महिने अंगावर पाजून गेली. भाड्यास रुपये २ दिल्हे.”

मी ती ओळ दोनदा मोठ्याने वाचली. मेलेल्या माणसाला कोणी भाडे देत नाही. ‘गेली’ म्हणजे वारली नव्हे, निघून गेली. वाचणाऱ्याने अक्षरे द्यावीत, अर्थ आपल्या पदरचा घालू नये, असे मला फार वाटते. इथे एका ‘मयत’ने शोधच थांबणार होता.

काका बराच वेळ त्या आकड्यावर बोट ठेवून बसले. वडील वारल्यापासून, म्हणजे चाळीसहून अधिक वर्षे, ते दर पितृपक्षात रामकुंडावर या आजीच्या वाट्याचे तीळपाणी सोडत आले होते, आणि त्यातली सुरुवातीची काही वर्षे तरी ती कुठेतरी हयात असू शकत होती. “आईला हे कळायला हवं होतं,” ते म्हणाले. “तीन महिने पाजलं तिला.”

लिप्यंतरात मी ‘गेली’ हा शब्द होता तसाच ठेवला आणि त्याखाली दोन रुपयांची ओळ लिहिली. कागदाची घडी करता करता काकांनी विचारले, “ताई, दोन रुपयांत तेव्हा आगगाडीनं कुठवर जाता येत असेल?”

त्या वर्षीचे तिसऱ्या वर्गाचे भाडेपत्रक मी सध्या शोधत आहे.