तुम्ही विचारलंत म्हणून: तानपुरा ऐकू येतो का?

"ताई, ऑनलाइन वर्गासाठी स्वस्तातलं कुठलं ॲप घेऊ?" हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी येतो. विचारणारे बहुतेक शिकवणारेच. कुणी तबला शिकवतं, कुणी कथक. परवा एका भजनी मंडळातल्या काकूंचा फोन होता. मी प्रत्येकाला उलट विचारते, "तुमच्या वर्गातली कुठली गोष्ट पलीकडे पोचली नाही, तर वर्ग झालाच नाही असं म्हणाल?"

माझ्यासाठी ती गोष्ट तानपुरा. मी मिरजेत गाणं शिकवते, सतारी-तानपुरे घडवणारी दुकानं माझ्या घरापासून चालत पाच मिनिटांवर आहेत. २०२० च्या एप्रिलमध्ये घरातच अडकलो, तेव्हा सगळे वापरत होते तेच ॲप मीही घेतलं. पहिल्याच दिवशी विश्रामबागची विद्यार्थिनी म्हणाली, "ताई, तानपुरा नाही लावला आज?" तानपुरा माझ्या हातात वाजत होता! मी षड्ज, म्हणजे सा, लावून धरला, तर तिला तोही तीन-चार सेकंदांत विरल्यासारखा ऐकू येई. आठवडाभर मी नेटलाच दोष देत राहिले.

कारण नंतर समजलं. ही सगळी सॉफ्टवेअरं मुळात बोलण्यासाठी केलेली. बोलणं तुटक असतं. जो आवाज न थांबता एकसारखा येतो, तो पंख्याचा किंवा एसीचा असणार असं धरून ती तो पुसून टाकतात. आणि तानपुऱ्याचं तर कामच न थांबता वाजत राहण्याचं!

म्हणून गाण्या-वाजवण्याच्या वर्गाला मी झूम सुचवते. त्यात आवाजाच्या सेटिंगमध्ये 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' आहे. ते चालू केलं की ही पुसापुशी थांबते. फुकटच्या खात्यावरही ते मिळतं. अडचण वेळेची. फुकटात ४० मिनिटांनी मीटिंग बंद पडते, २०२२ पासून दोघंच असले तरीही. एकेकट्याला शिकवत असाल तर ४० मिनिटं अगदी कमी नाहीत. मी तेवढ्यात एक बंदिश आणि थोडे आलाप बसवते.

गणित किंवा इंग्रजी शिकवत असाल, तर गूगल मीट पुरेल. गटाला ६० मिनिटं, दोघांनाच तब्बल २४ तास, आणि बहुतेकांकडे जीमेल असतंच. दोन तास चालणाऱ्या मंडळाला जित्सी हे फुकटचं ॲप बरं. तिथे असं घड्याळ लावलेलं नाही आणि येणाऱ्यांना काही उतरवून घ्यावं लागत नाही. मीटिंग सुरू करणाऱ्याला मात्र २०२३ पासून लॉगिन करावं लागतं. मंडळात माणसं थोडी असतील तर व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलवरही ३२ जण मावतात. काकूंना मी तेच सांगितलं, कारण त्यांच्या मंडळात १८ जणी आहेत आणि व्हॉट्सॲप सगळ्यांना येतं. हे आकडे कंपन्या बदलत असतात, तेव्हा ठरवण्याआधी एकदा पाहून घ्या.

पैसे भरायचे झाले तर बरेचदा एक गैरसमज आढळतो. पैसे विद्यार्थ्यामागे नसतात, मीटिंग घेणाऱ्यामागे असतात. वर्गात २० मुलं असली तरी खातं एकच लागतं. किमतीवर १८ टक्के जीएसटी धरा. वर्षाचं स्वस्त दिसतं, पण आधी एकच महिना घ्या. मी स्वतः दोन वर्षं फुकटात भागवलं. गटाचा वर्ग दीड तासावर गेला तेव्हाच पैसे भरले.

एक गोष्ट मात्र कितीही पैसे भरलेत तरी मिळणार नाही, ती म्हणजे दोघांनी एकाच वेळी गाणं. आवाज पोचायला थोडा वेळ लागतोच, आणि तेवढ्यात सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, निघून जाते. न्यू जर्सीची माझी विद्यार्थिनी तिच्याकडे ॲपवर ठेका लावते, मी माझा माइक बंद करून ऐकते, मग थांबवून सांगते.

माझा खरा आग्रह तारेच्या इअरफोनचा आहे, दोन्हीकडे. ब्लूटूथवर माइक चालू झाला की आवाज टेलिफोनसारखा बारीक होतो आणि वर उशीरही वाढतो.

आणि पैसे भरण्याआधी एका विद्यार्थ्याबरोबर पंधरा मिनिटं बसा. त्याच्या फोनमधून तुमचा जो आवाज बाहेर पडतो, तो शेजारी दुसरा फोन ठेवून त्याला रेकॉर्ड करायला लावा आणि तुम्ही ऐका. मी पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा तानपुऱ्याच्या वरच्या तारा होत्या, खर्ज, म्हणजे सगळ्यांत खालच्या स्वराची तार, नव्हताच. रेकॉर्ड करणारी मुलगी फोनच्या स्पीकरवर ऐकत होती. दुसऱ्या दिवशी तिने भावाचा इअरफोन लावला आणि मी विचारायच्या आत म्हणाली, "ताई, आज खाली काहीतरी वाजतंय."