तुम्ही विचारलंत म्हणून: ऑपरेशनला किती खर्च येईल?

माझी सारी नोकरी शासनाच्या लेखा सेवेत गेली आणि कोविडच्या काळात खासगी रुग्णालयांची बिले तपासण्याचे काम माझ्याकडे होते. त्यामुळे ओळखीचे लोक, आणि आता त्यांच्या ओळखीचेही, मला विचारतात की अमुक ऑपरेशन नागपुरात धंतोलीतल्या रुग्णालयात करावे की रामदासपेठेतल्या, आणि एकूण किती खर्च येईल. रुग्ण भरती होण्यापूर्वी याचे भरवशाचे उत्तर मिळण्याची व्यवस्था आज आपल्या राज्यात नाही, आणि ती उभी करणे हे शासनाचे काम आहे असे माझे ठाम मत आहे.

कायदा अगदीच मुका आहे असे नाही. महाराष्ट्रात खासगी रुग्णालयांची नोंदणी शुश्रूषागृहांविषयीच्या १९४९ च्या कायद्याखाली होते आणि जानेवारी २०२१ मध्ये त्याच्या नियमांत मोठी सुधारणा झाली. दरपत्रक आणि रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक झाले, आणि बिल थकले म्हणून मृतदेह अडवून ठेवता येणार नाही हेही त्यात आले. नागपूर शहरात याची तक्रार महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे करता येते. फार थोड्या लोकांना हे माहीत असते, म्हणून मी आधी हेच सांगते.

पण भिंतीवरचे दरपत्रक वाचून बिलाचा अंदाज येत नाही. खाटेचे भाडे, डॉक्टरांची व्हिजिट, भूलतज्ज्ञांची फी, ऑक्सिजन, मॉनिटर असे सुटे दर तिथे असतात. किती दिवस, किती व्हिजिटी, किती औषधे हे नसते, आणि बिल फुगते ते तिथेच. मे २०२० मध्ये शासनाने कोविड रुग्णांसाठी साध्या खाटेचे दिवसाला ४,०००, अतिदक्षता विभागाचे ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये असे दर बांधून दिले होते. तरीही बिले तपासताना वाद व्हायचा तो या आकड्यांवर क्वचितच. तो व्हायचा त्यांच्याबाहेर ठेवलेल्या पीपीई किट, महागडी औषधे आणि काही मोठ्या चाचण्यांवर. रुग्णाचे नातेवाईक कागद हातात घेऊन समोर उभे असत आणि कोणती रक्कम कशासाठी लागली, हे त्यांना तोवर कोणी सांगितलेलेच नसे.

मग सगळ्याच आजारांचे दर बांधून द्यावेत, असे अनेक जण म्हणतात. कोविड नसलेल्या रुग्णांसाठी तसे करण्याचा अधिकार शासनाला नाही, असा निर्णय ऑक्टोबर २०२० मध्ये उच्च न्यायालयाच्या आपल्याच नागपूर खंडपीठाने दिला. दर बांधणे अवघड असेल तर निदान ते उघड करावेत. सिझेरियन, मोतीबिंदू, अपेंडिक्स, गुडघेबदल अशा नेहमीच्या उपचारांसाठी प्रत्येक रुग्णालयाने मागच्या वर्षी प्रत्यक्ष घेतलेली एकूण रक्कम महापालिकेकडे द्यावी आणि महापालिकेने ती सर्वांसाठी एकत्र प्रसिद्ध करावी, एवढीच माझी मागणी आहे. शासनाच्या मोफत उपचारांच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत प्रत्येक उपचाराची रक्कम आधीच ठरलेली असते, तेव्हा असा हिशेब मांडताच येत नाही हे म्हणणे टिकत नाही.

मात्र दर कळून उपयोग कोणाला, हेही पाहिले पाहिजे. गडचिरोली, गोंदिया, छिंदवाडा किंवा बालाघाटहून रात्री रुग्णवाहिकेतून नागपुरात आणलेल्या रुग्णाचे नातेवाईक दरांची तुलना करीत बसणार नाहीत. त्यांच्या जिल्ह्यात तज्ज्ञ डॉक्टर आणि अतिदक्षता खाटा पुरेशा नाहीत, म्हणून तर ते मेडिकल किंवा मेयो या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांत येतात आणि तिथे खाट मिळाली नाही की खासगीत जातात. कोणत्या जिल्ह्यात कशाची सोय हवी याचे नियोजन झाले नाही, तर दरांची पारदर्शकता शहरातल्या सवडीच्या रुग्णांपुरतीच राहील.

तोवर माझा सल्ला असा: फुले योजनेचे संरक्षण आता ५ लाख रुपयांपर्यंत आहे, पण रुग्णालय योजनेत असले तरी तुमच्या आजारासाठी ते मान्यताप्राप्त आहे का, हे तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, आधी विचारा. योजना लागू होत नसेल, तर दोन रुग्णालयांकडून दिवस, व्हिजिटी, औषधे आणि तपासण्या वेगवेगळ्या दाखवणारा लेखी अंदाज मागा आणि दोन्ही कागद माझ्याकडे घेऊन या. आपण ते ओळीने वाचू.