चॅप्टर केस, बंधपत्र आणि तहसीलचा बाक : माझा अनुभव

मोर्चा, उपोषण किंवा रास्ता रोकोनंतर ज्यांना 'चॅप्टर'ची, म्हणजे शांतता भंग होईल या शक्यतेवरून होणाऱ्या प्रतिबंधक कारवाईची, नोटीस आली आहे, त्यांच्यासाठी लिहिते आहे. सगळ्यात आधी एकच सांगते. पहिल्या तारखेला तुमच्यापुढे छापील बंधपत्र ठेवतील. त्यावर त्या दिवशी सही करू नका.

२०२४ च्या दिवाळीआधी आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या फाट्यावर सोयाबीनच्या भावासाठी बसलो होतो. हमीभाव ४,८९२ रुपये, बाजार समितीत बोली चार हजारांच्या आसपास, आणि ओलावा दाखवून त्याच्याही खाली. तासाभरात रस्ता मोकळा केला. दगड नाही, काच नाही. पण विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला होतं आणि निवडणूक आली की अशा नोटिसा गठ्ठ्यानं निघतात. ठाणेदारांनी इस्तगासा (कारवाईचा लेखी प्रस्ताव) पाठवला, कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडून, म्हणजे तहसीलच्या साहेबांकडून, आम्हा सगळ्यांना बोलावणं आलं. दारूवाले, सट्टापट्टीवाले आणि भाव मागणारे शेतकरी, सगळे एकाच यादीत. याचा राग अजून गेलेला नाही.

नोटिशीचा नमुना जुनाच होता. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, म्हणून छापील कलम १०७ वर काट मारून पेनानं १२६ लिहिलेलं. मजकूर सगळ्यांचा सारखा. माझ्या नावाखाली लिहिलं होतं, 'सदर इसम हा भांडखोर स्वभावाचा असून त्याचेकडून शांतता भंग होण्याची दाट शक्यता आहे.' मी बाई आहे, एवढंही कोणी पाहिलं नव्हतं.

तहसीलमध्ये बाबू म्हणाले, "ताई, सही करा अन् मोकळ्या व्हा. सगळेच करून राहिले." बऱ्याच जणांनी केली. कापूस वेचणीचे दिवस, एक दिवस गेला की घरचं गणित बिघडतं, त्यांना मी दोष देत नाही. पण त्या सहीचा अर्थ कोणी सांगत नाही. वर्षभर शांतता राखण्याची हमी तुम्ही देता. त्या काळात पुन्हा आंदोलनात दिसलात की बंधपत्राचा भंग म्हणून रक्कम जप्तीची नोटीस येऊ शकते, आणि तो कागद तुमच्या नावावर कायमचा चिकटतो.

मी म्हटलं, आरोप मान्य नाहीत, चौकशी करा. इथून खरा त्रास सुरू झाला.

"मग जामीनदार आणा, सातबारा अन् ऐपत प्रमाणपत्रासहित." शेत माझ्या नावावर नाही. भासरे (नवऱ्याचे मोठे भाऊ) तयार झाले, सातबारा काढून आणला. त्याच संध्याकाळी बीट जमादारांचा त्यांना फोन, "कायले लफड्यात पडता?" दुसऱ्या दिवशी त्यांनी मान खाली घालून कागद परत नेला. गावात तर वेगळीच हवा, "सातबाऱ्यावर बोजा चढते म्हणते, मंग पीककर्ज कोन देईन?" शेवटी शेजारच्या गावातली एक बाई पुढे आली. नवऱ्यानं कर्जापायी फवारणीचं औषध घेतलं, त्यानंतर दोन एकर तिच्या नावावर झालं. ती म्हणाली, "माह्या दारी जमादार आला तर येऊ दे." तिचं ऐपत प्रमाणपत्र याच तहसीलमधून मिळायचं होतं. ते महिनाभर मिळालं नाही.

साहेब कधी निवडणुकीच्या प्रशिक्षणाला, कधी मतमोजणीला, कधी व्हीसीत, कधी दौऱ्यावर. आम्ही बाहेरच्या बाकावर सकाळपासून. चार वाजता बाबू बाहेर येऊन पुढची तारीख तोंडी सांगायचे. त्या बाकावर बसून माणूस चिडतो, थकतो आणि सही करून टाकतो. लाठीपेक्षा या बाकानं आमच्याकडची जास्त आंदोलनं मोडली आहेत, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

मार्ग निघाला तो तालुक्याच्या एका वकीलभाऊंमुळे. त्यांनी कागद पाहिले आणि विचारलं, "चौकशी सुरू झाल्याची नोंद कुठाय?" नव्हतीच. मधु लिमयेंच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं १९७० मध्येच सांगून ठेवलं आहे की चौकशी सुरू केल्याशिवाय अंतरिम, म्हणजे चौकशी संपेपर्यंतचं, बंधपत्र मागता येत नाही. ते मागायची कारणंही लेखी नोंदवावी लागतात. आम्ही तसा अर्ज केला. आवक टेबलावर शिक्का मारायला नकार, "साहेब आल्यावर द्या." मग पोस्टानं पाठवला, पोहोच जपून ठेवली. (तेव्हा रजिस्टर पोस्ट होतं, २०२५ मध्ये ते स्पीड पोस्टातच विलीन झालं.) त्यानंतर जामीनदाराचा विषय कोणी काढला नाही. त्या माउलीला सातबारा कुठेच लावावा लागला नाही.

पुढच्या तारखेला साहेब भेटले तेव्हा आदेश वाचून दाखवायला लावला आणि 'गैरअर्जदारास आरोप अमान्य' हे रोजनाम्यात, म्हणजे प्रकरणाच्या दर तारखेच्या नोंदीत, लिहून घेतलं. हे फार महत्त्वाचं आहे. चौकशी सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत संपली नाही, तर दंडाधिकाऱ्यांनी खास कारणं लिहून मुदत वाढवली नसेल तर कार्यवाही आपोआप संपते. सुरुवातीची नोंदच नसेल तर सहा महिने मोजणार कुठून? दर तारखेला हजर असल्याची नोंद करायला लावा आणि रोजनाम्याच्या नकलेचा अर्ज टाकत राहा.

पोलिसांकडून एकही साक्षीदार आला नाही. सहा महिने सरले आणि प्रकरण बंद झालं. बंद झाल्याच्या आदेशाची नक्कल हातात आली तेव्हा मी ती घरी मोठ्यानं वाचून दाखवली. सही न करता सुटले, याचा मला अभिमान आहे.

राहिलं ते एक. त्याच संहितेच्या कलम १६८ ची नोटीस म्हणजे नुसती ताकीद, तिच्यावर कोणी तुम्हाला ठाण्यात बसवून ठेवू शकत नाही. कलम १७० खाली (गुन्हा होऊ नये म्हणून) उचललं तर चोवीस तासांच्या वर नाही. वेळ लिहून ठेवा, घरच्यांना फोन करायला लावा.

आता आमच्यातल्या एका तरुणाला तडीपारीची नोटीस आली आहे, आणि कारणांत तेच सही केलेलं बंधपत्र पहिल्या क्रमांकावर आहे. सोबत 'गोपनीय साक्षीदार अ आणि ब'. अमरावतीच्या एका पत्रकारानं माहिती अधिकारात अर्ज टाकून गैरव्यवहाराच्या तक्रारी केल्या होत्या, त्यालाही असंच हद्दपार केलं होतं. तो आदेश सुप्रीम कोर्टानं ऑगस्ट २०२१ मध्ये रद्द केला. तो निकाल आम्ही उत्तराला जोडतो आहोत, सोबत आंदोलनाच्या निवेदनांच्या शिक्का मारलेल्या प्रती. उत्तर मुदतीतच द्यायचं, वेळ हवा असेल तर लेखी मागायचा. आदेश विरोधात गेला तर अपिलाला ३० दिवस असतात, ते आदेश आपल्यावर बजावल्याच्या तारखेपासून मोजायचे.