नाकाचा आकार बदलून घेण्यापूर्वी

नाकाच्या शस्त्रक्रियेविषयी कोणी माझ्याकडे चौकशी केली की मी आधी उलट प्रश्न करते: नाकात नेमके काय खटकते, ते एका वाक्यात सांगता येईल का? ‘बाजूने पाहताना दांड्यावरचा उंचवटा दिसतो’, ‘हसताना शेंडा खाली झुकतो’, ‘लहानपणी पडल्यापासून नाक एका अंगाला कलले आहे’ ही उत्तरे शल्यचिकित्सकाच्या उपयोगाची असतात, कारण त्यांतील प्रत्येक तक्रारीमागे हाड, कूर्चा (हाडापेक्षा मऊ, लवचीक भाग) किंवा दोन नाकपुड्यांमधला पडदा यांपैकी काहीतरी दाखवता येते. ‘नाक छान दिसायला हवे’ एवढ्यावर कोणालाच काम करता येत नाही, आणि जो डॉक्टर तेवढ्यावर तारीख द्यायला तयार होतो, त्याच्यापुढून सरळ उठून यावे, असे माझे मत आहे. मी स्वतः ही शस्त्रक्रिया करून घेतली असल्यामुळे हे थोडे ठामपणे लिहीत आहे.

तक्रार ठरवताना फोनवरच्या फोटोंवर विसंबू नये. हातभर अंतरावरून काढलेल्या सेल्फीत कॅमेऱ्याला सर्वांत जवळ नाक असते, त्यामुळे ते प्रमाणाबाहेर मोठे दिसते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे ३० सेंटीमीटरवरून काढलेल्या सेल्फीत नाक जवळजवळ ३० टक्के अधिक रुंद भासते असा हिशेब मांडला होता. दीड मीटरवरून काढलेल्या फोटोत हा फरक जाणवण्याइतका राहत नाही. म्हणून दुसऱ्या कोणाकडून, थोडे लांबून, समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढून घ्यावेत. बाजूच्या फोटोत हनुवटीही पाहावी. हनुवटी मागे असली की मुळात बेताचे असलेले नाकही पुढे आल्यासारखे वाटते, आणि अशा वेळी चांगला डॉक्टर नाकाआधी हनुवटीविषयी बोलतो.

आता मला सर्वांत महत्त्वाच्या वाटणाऱ्या मुद्द्याकडे येते. नाक दिसण्यासाठी कितीही महत्त्वाचे असले, तरी त्याचे पहिले काम श्वास घेण्याचे आहे. नाकाचा वरचा साधारण एक तृतीयांश भाग हाडाचा आणि उरलेला कूर्चेचा असतो. मधला पडदा आणि बाजूची कूर्चा जिथे मिळतात तिथला कोन जेमतेम १० ते १५ अंशांचा असतो, आणि आत येणाऱ्या हवेला सर्वाधिक अडथळा तिथेच होतो. दांड्यावरचा उंचवटा उतरवताना नेमका हाच भाग सैल पडू शकतो, आणि त्याला आतून आधार दिला नाही तर काही काळाने नाकाचा मध्यभाग आत दबलेला दिसू लागतो व श्वासही कोंडतो. हा आधार बहुतेकदा रुग्णाच्याच पडद्यातील कूर्चेच्या पातळ पट्ट्यांचा असतो. त्यामुळे ‘माझा उंचवटा काढल्यावर मध्यभागाला आधार कसा देणार?’ हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारावा. उत्तर सविस्तर आले, कागदावर आकृती काढून आले, तर डॉक्टर योग्य आहे असे समजायला हरकत नाही.

त्याच भेटीत दुर्बिणीने नाकाची आतून तपासणी व्हायला हवी. पडदा वाकडा असेल तर तो बहुधा याच शस्त्रक्रियेत सरळ करता येतो. मात्र ॲलर्जीमुळे नाक बंद होत असेल, शिंका येत असतील, तर तो त्रास चाकूने जात नाही आणि त्याची औषधे पुढेही चालूच ठेवावी लागतात.

त्वचेचा विचार फार थोडे लोक करतात. शल्यचिकित्सक आतला सांगाडा बदलतो; वरची त्वचा त्या सांगाड्यावर किती नीट बसेल हे तिच्या जाडीवर ठरते. जाड, तेलकट त्वचेखाली शेंड्याचे बारीक काम झाकले जाते आणि सूजही जास्त काळ राहते. उलट फार पातळ त्वचेतून कूर्चेची लहानशी कडसुद्धा जाणवते. संगणकावर दाखवतात ते ‘नंतरचे’ चित्र ही त्वचा विचारात घेईलच असे नाही. ते चित्र तुमची अपेक्षा डॉक्टरला कळावी यासाठी असते, हमी म्हणून नव्हे. दुसऱ्या रुग्णांचे फोटो पाहायचे असतील तर ते शस्त्रक्रियेनंतर किमान वर्षभराने काढलेले मागावेत, आणि आपल्यासारखी त्वचा व तक्रार असलेल्या चेहऱ्यांचे मागावेत.

वयाचीही एक अट आहे. चेहऱ्याची वाढ पूर्ण होण्याआधी केवळ दिसण्यासाठी ही शस्त्रक्रिया करत नाहीत. मुलींमध्ये ही वाढ साधारण १५-१६ आणि मुलांमध्ये १७-१८ वर्षांपर्यंत चालते. तयारीचा भाग डॉक्टर सांगतीलच, तरी काहीही लपवू नये. धूम्रपानाने जखमेचा रक्तपुरवठा घटतो, म्हणून ते काही आठवडे आधीपासून आणि नंतरही बंद ठेवावे लागते. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, माशाच्या तेलाच्या गोळ्या, ‘ई’ जीवनसत्त्व यांनी रक्तस्राव वाढू शकतो. ‘वनौषधीच तर आहे’ म्हणून घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांचाही उल्लेख करावा, पण नियमित औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये. नाकात पूर्वी फिलर, म्हणजे आकार बदलण्यासाठी सुईने टोचून भरतात तो जेलसारखा पदार्थ, भरले असेल तर तेही सांगावे. इथेच जोडून सांगते: फिलर हा बिनधोक पर्याय नाही. ते चुकून रक्तवाहिनीत गेले तर त्वचा मरू शकते, क्वचित दृष्टीही जाऊ शकते.

शस्त्रक्रिया बहुधा पूर्ण भूल देऊन होते आणि तिला दीड ते तीन तास लागतात. दोन नाकपुड्यांमधल्या पट्टीवर लहानसा छेद घेऊन करतात ती उघडी पद्धत, आणि सर्व छेद आतून घेतात ती बंद पद्धत. कोणती पद्धत श्रेष्ठ, यावर रुग्णाने डोके शिणवू नये. डॉक्टरचा हात कशावर बसला आहे आणि तुमच्या नाकात काय करायचे आहे, यावर ते ठरते.

नंतरचा पहिला आठवडा वेदनेपेक्षा गैरसोयीचा असतो. नाक चोंदलेले, तोंडाने श्वास, रात्रभर कोरडा पडणारा घसा, उशा रचून उताणे झोपणे, आणि हाडाला हात लागला असेल तर डोळ्यांखाली काळेनिळे डाग. साधारण आठवड्याने वरची कडक पट्टी निघते, आणि त्या क्षणासाठी मनाची तयारी असावी, कारण आरशात दिसते ते नाक कोणालाच नको असते: सुजलेले, शेंडा जरुरीपेक्षा वर उचललेला, चिकटपट्टीचा डिंक आणि सुटणारे पापुद्रे यांनी माखलेले. मी शेंड्याला बोट लावले तेव्हा बोटाला नाक कळले, नाकाला बोट कळले नाही. शेंडा लाकडासारखा टणक आणि बधिर होता. वरचा ओठही ताठ असल्यामुळे हसू काही आठवडे वेगळेच दिसत होते. हे सारे हळूहळू ओसरते. पण काही आठवडे नाक शिंकरायचे नाही, शिंक आली तर तोंड उघडून द्यायची, महिना-दीड महिना चष्मा दांड्यावर टेकवायचा नाही आणि चेंडू लागेल असा खेळ टाळायचा, हे पाळावेच लागते. नाक अचानक पूर्ण बंद होऊन दुखू लागले, ताप आला किंवा रक्त थांबेना, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. पडद्यात रक्त साठले असेल तर ते तातडीने काढावे लागते, नाहीतर तिथली कूर्चा विरघळते आणि नाक खचते.

बरीचशी सूज पहिल्या काही आठवड्यांत उतरते, पण शेंड्याची सूज जायला वर्ष लागते, जाड त्वचेत त्याहून अधिक. ज्यांना लग्नाच्या किंवा समारंभाच्या आधी नाक ‘तयार’ हवे असते, त्यांनी हा हिशेब आधी करावा. या काळात मन उदास होणे सामान्य आहे. मात्र नाकाचा विचार आधीपासूनच दिवसाचे कित्येक तास खात असेल, आरसा सोडवत नसेल आणि इतरांना दोष दिसतच नसेल, तर शस्त्रक्रियेआधी मानसोपचारतज्ज्ञाला भेटावे. अशा स्थितीत नाक उत्तम झाले तरी समाधान होत नाही.

चांगल्या हातांनी केलेल्या शस्त्रक्रियाही काही वेळा पुन्हा कराव्या लागतात, आणि हे प्रमाण सामान्यतः ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान सांगितले जाते. दुसरी शस्त्रक्रिया किमान वर्षभर तरी करत नाहीत, कारण सूज आणि व्रणाच्या ऊती स्थिरावल्याशिवाय खरा दोष कळत नाही. ती पहिलीपेक्षा अवघड असते. पडद्यातील कूर्चा आधीच वापरली गेली असेल तर कानातून किंवा बरगडीतून घ्यावी लागते. म्हणून ‘पुन्हा करावे लागले तर तुम्हीच करणार का, आणि भूल व रुग्णालयाचा खर्च कोणाकडे?’ हे पहिल्या शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर सही करण्याआधी विचारावे, आणि उत्तर लेखी घ्यावे.