तळघराची ओल आणि पोट आलेली भिंत

पुण्यात सहकारनगरमधल्या आमच्या जुन्या बंगल्याच्या तळघरात ओल पहिल्यापासूनच, पावसाळा आला की भिंतीला पांढरा खार फुटायचा, पोपडे पडायचे, मग बाबा दिवाळीच्या आधी सगळं खरवडून रंग मारून घ्यायचे. पण गेल्या पावसाळ्यात टेकडीकडच्या भिंतीला साधारण अर्ध्या उंचीवर लांबच लांब आडवी भेग दिसली आणि मिस्त्रींनी ओळंबा लावला तर मधे भिंत दीडेक इंच आत आलेली! ते म्हणाले, "ताई, भिंतीला पोट आलंय, आता गिलाव्याचं नाव काढू नका, आधी इंजिनिअरला बोलवा."

हे लिहितेय कारण तळघर म्हटलं की लोक थेट वॉटरप्रूफिंगवाल्याला फोन करतात. आमच्याकडेही आले दोघंतिघं, आतून केमिकल कोटिंग, वर गॅरंटी. पण मागचं पाणी तसंच राहिलं तर भिंतीवरचा दाब काय कोटिंगने कमी होणार आहे का?

आमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरनी वहीत आकडे मांडून दाखवले. भिंतीमागे अडीच मीटर पाणी साठलं तर तळाशी दर चौरस मीटरला अडीच टन दाब, आणि भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीला एकूण तीन टनांच्या वर रेटा, तो नुसत्या पाण्याचा, मातीचा वेगळाच. आमची भिंत नऊ इंची विटांची, त्यात मागे भरलेली काळी माती, जी पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, मग त्याच भेगांतून पुढच्या पावसाचं पाणी सरळ खाली. भरीस भर गच्चीचा पाइप तिथेच भिंतीच्या बुडाशी मोकळा सोडलेला.

मग आधी तो पाइप लांब नेला आणि अंगणाचा उतार घरापासून बाहेरच्या बाजूला करून घेतला. खर्च फारसा नाही, पण निम्मं काम ह्यानेच होतं असं माझं मत झालंय. भिंतीमागची माती काढायचं खोदकाम मात्र उन्हाळ्यातच, आतून टेकू लावून आणि तुकड्यातुकड्याने, कारण सगळी भिंत एकदम उघडी केली तर तीच अंगावर यायची. बाहेरून भिंत धुऊन गिलावा, त्यावर वॉटरप्रूफिंग (हो, ते लागतंच, पण पाणी येतं त्या बाजूने), बुडाशी भोकांचा पीव्हीसी पाइप शंभरास एक उताराने प्लॉटच्या खालच्या अंगाला काढलेला, भोवती खडी, खडीला जिओटेक्स्टाइल कापड (पाणी जाऊ देतं, माती अडवतं) म्हणजे माती शिरून पाइप बुजत नाही. काळी माती परत भरली नाही, मुरूम आणून थराथराने धुम्मस केला, म्हणजे ठोकून घट्ट बसवला. आत आरसीसीचे खांब उभे केले, वर स्लॅबच्या बीमला आणि खाली नव्या फूटिंगला, म्हणजे पायाला, बांधलेले. पोट मागे ढकलायचं नाही, आहे तिथे थांबवायचं, हे इंजिनिअरनी आधीच सांगितलं होतं.

तुमच्या सोसायटीला उतारावरची सीमाभिंत असेल तर तीही एकदा बघाच. २०१९ च्या २९ जूनला कोंढव्यात पावसात सोसायटीची भिंत शेजारच्या मजुरांच्या झोपड्यांवर पडली, १५ जण गेले, लहान मुलं होती त्यात, आणि दोन-तीनच दिवसांनी आंबेगावात आणखी एक भिंत पडून सहा जण. त्या बातम्या तेव्हा वाचल्या होत्या, पण आता भिंतीमागचं पाणी म्हणजे काय हे कळल्यावर फार लागतात. सीमाभिंतीला पाणी जायची भोकं आहेत का, असली तर बुजलेली नाहीत ना, भिंत कुठे फुगलीय का, आणि भिंतीखाली कोणी राहतं का, एवढं बघायला इंजिनिअर लागत नाही. फुगलेली दिसली तर मात्र त्याच दिवशी इंजिनिअर बोलवा आणि खालच्या लोकांना आधी हलवा.

आमच्या भेगेवर काचेच्या पट्ट्या चिकटवल्यात, भिंत हलली तर काच तडकते. हा पावसाळा त्या बघायच्या, आतला गिलावा त्यानंतर.