कोरियात गांगनुंगला २०१८ च्या प्योंगचांग हिवाळी ऑलिंपिकची १५०० मीटर स्पीड स्केटिंग पाहून आलो : २३ तारखेला जाणाऱ्यांनी आधी हे वाचा

सगळ्यात आधी एकच सांगतो, बाकीचं वाचलं नाहीत तरी चालेल. शर्यत संपल्यावर शटल बसच्या रांगेत उभे राहू नका. बाहेर पडलात की थेट स्टेशनच्या दिशेने चालायला लागा. मंगळवारी, १३ फेब्रुवारी २०१८ ला, मी त्या रांगेत पन्नास मिनिटं काढली आणि शेवटी चालतच गेलो. अंतर जेमतेम दोन-अडीच किलोमीटर, रस्ता सपाट. आपल्याकडे सिंहगड चढणाऱ्याला त्यात काहीच नाही.

घोळ झाला तो असा. स्पीड स्केटिंग ओव्हलमध्ये आमची शर्यत रात्री आठला सुरू झाली. त्याच संध्याकाळी शेजारच्या आइस अरेनात शॉर्ट ट्रॅक, म्हणजे छोट्या रिंकवरची घोळक्याने सुटायची स्केटिंग, होतं, आणि कोरियात शॉर्ट ट्रॅक म्हणजे आपल्याकडचं क्रिकेट. दोन्हीकडची माणसं थोड्याच अंतराने बाहेर पडली आणि एकाच फाटकाकडे निघाली. कुठली बस पार्किंगला जाते आणि कुठली स्टेशनला, हे एका स्वयंसेवकाने एक सांगितलं, दुसऱ्याने दुसरंच. पोरं गोड होती, वाकून वाकून माफी मागत होती, पण माहिती चुकीची होती. मी दोनदा रांग बदलली आणि दोन्ही वेळा नंबर मागे गेला.

त्यात वारा. "समुद्रकाठचं गाव आहे, प्योंगचांगच्या डोंगरासारखी थंडी नाही," असं मला ऑफिसमधल्या दोघांनी सांगितलं होतं. दोघंही गांगनुंगला उन्हाळ्यात गेलेले. तापमानाचा आकडा बघितला तर ते खोटं नाही, पण तिथला वारा जाकिटाच्या शिवणीतून आत येतो. ओव्हलच्या आत उबदार असतं, जाकीट काढून बसावं लागतं, ओरडून ओरडून घाम येतो, आणि त्याच ओल्या बनियनवर तुम्ही बाहेर येऊन उभे राहता. मला हुडहुडी भरली ती मोटेलवर गरम पाण्याखाली उभा राहीपर्यंत गेली नाही. पिशवीत एक कोरडं बनियन ठेवा आणि बाहेर पडण्याआधी आतच बदला. दुसऱ्या दिवशी तर वाऱ्याने तंबू उडायला लागले आणि गांगनुंगच्या ऑलिंपिक पार्कातलं मोकळं आवार रिकामं करावं लागलं. तेव्हा मी अतिशयोक्ती करतोय असं समजू नका.

मोटेलचं नाव लिहीत नाही, पण रात्रीचे दोन लाख वॉन घेतले, म्हणजे आपले जवळपास बारा हजार रुपये. खोली एवढीशी, खिडकी भिंतीकडे उघडणारी. एरवी तीच खोली पन्नास-साठ हजार वॉनला मिळते, असं शेजारच्या दुकानदारानेच सांगितलं. ऑनलाइन दर कमी दिसला होता, दारात गेल्यावर "ऑलिंपिक दर" म्हणून वाढवला. रात्री अकराला भांडायचं त्राण नव्हतं, दिले. तुम्ही देऊ नका. राहूच नका. डिसेंबरात सुरू झालेल्या केटीएक्स या वेगवान गाडीने सोलहून दोन तासांत गांगनुंग येतं. परतीच्या उशिराच्या गाडीचं तिकीट आधी काढा, मगच शर्यतीचं घ्या. मी सोल्लालच्या, म्हणजे कोरियन नववर्षाच्या, सुट्टीची गर्दी धरून घाबरलो आणि मुक्काम ठरवला, ती माझी चूक. २३ तारखेपर्यंत सोल्लाल उरकलेला असेल.

सुवॉनकडून येणाऱ्यांनी मेट्रोच्या लाइन १ने सरळ छंग्न्यांगनी स्टेशन गाठावं आणि तिथून केटीएक्स धरावी, सोल स्टेशनला जायची गरज नाही. आणि कृपा करून वाटेतल्या जिन्बू स्टेशनला उतरू नका. तिकिटावर मोठ्या अक्षरात प्योंगचांग २०१८ छापलेलं असतं, जिन्बू आलं की अर्धी गाडी उठते, आणि आपणही उठतो. जिन्बू डोंगरावरच्या खेळांसाठी आहे. बर्फाच्या रिंकवरचं सगळं, स्केटिंग, हॉकी, कर्लिंग, गांगनुंगला, म्हणजे शेवटच्या स्टेशनला. माझ्या शेजारचं कुटुंब शॉर्ट ट्रॅकची तिकिटं हातात धरून जिन्बूला उतरायला निघालं होतं, मी दारातून परत बोलावलं.

आत खाण्यापिण्याला फक्त विसा कार्ड किंवा रोख चालते. माझं कोरियन बँकेचं कार्ड चाललं नाही. रोख ठेवा.

आता शर्यत. धावण्याच्या १५०० मीटरसारखे सगळे एकदम सुटतील अशी कल्पना असेल तर काढून टाका. दोघं-दोघं सुटतात आणि लढत घड्याळाशी असते. ४०० मीटरचा ट्रॅक, पावणेचार फेऱ्या, म्हणून सुरुवात अंतिम रेषेपाशी नसून पलीकडच्या सरळ पट्ट्यावर होते. दर फेरीला त्याच पट्ट्यावर दोघं आतली-बाहेरची लेन बदलतात. दोघं एकदम तिथे पोचले तर बाहेरून आत येणाऱ्याचा हक्क पहिला. जागा निवडता आली तर याच पट्ट्यासमोर बसा. अंतिम रेषेजवळ बसून मला निकाल दिसले, झगडा लांबून दिसला.

शेवटची फेरी बघताना आपलेच पाय दुखतात. पहिल्या ७०० मीटरमध्ये सगळे सुंदर दिसतात, नंतर पाठ वर येऊ लागते, ढकल आखूड होते, वळणावर पाय थरथरतो. नेदरलँड्सच्या क्येल्ट नाउसचं तसं झालंच नाही. १ मिनिट ४४.०१ सेकंद, सुवर्ण. मागच्या वेळी, २०१४ च्या सोची ऑलिंपिकला, हाच माणूस डच निवड चाचणीतूनच बाहेर पडला होता. तिथे सुवर्ण आणि रौप्यात ०.००३ सेकंदाचा फरक होता, इथे नाउस आणि पॅट्रिक रोस्टमध्ये ०.८५ चा. चार दिवसांत चार शर्यती, चारही सुवर्णं डचांची. नारिंगी टोप्यांचा तो कोपरा रात्रभर बसला नाही. रशियाच्या डेनिस युस्कोव्हच्या नावावर तेव्हा १:४१.०२ चा विश्वविक्रम होता, पण डोपिंगच्या बंदीमुळे रशियन खेळाडूंना ऑलिंपिक समितीच्या निमंत्रणानेच उतरता येत होतं, आणि त्याला निमंत्रणच नव्हतं. तो असता तर काय झालं असतं, हा प्रश्न मला अजून छळतो.

पण मी आयुष्यभर विसरणार नाही तो कोरियाचा किम मिन-सोक. अठरा वर्षांचं पोर. तो सुटला आणि छपराखाली आवाजाची भिंतच उभी राहिली, शेजारच्या आजींनी माझा दंड धरला तो सोडलाच नाही. १:४४.९३. रौप्य ०.०७ सेकंदाने हुकलं, कांस्य मिळालं, आणि पुरुषांच्या १५०० मीटरमध्ये ऑलिंपिक पदक मिळवणारा तो पहिला आशियाई ठरला. आजी रडल्या. मीही रडलो. त्यासाठी दोन लाख वॉन गेले, रांगेतली पन्नास मिनिटं गेली, तरी गेलो ते बरं केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी छोदांगला समुद्राच्या पाण्यात जमवलेलं सुनदुबू, म्हणजे मऊ टोफू, खाल्लं, ग्योंगपोचा किनारा पाहिला. छान होतं.

२३ ला १००० मीटर आहे, नाउस त्यातही असेल. फेऱ्या कमी, वेग जास्त, चूक सुधारायला वेळच नाही. त्या दिवशी पार्कात पुरुष हॉकीच्या उपांत्य लढती आणि कर्लिंगही आहे, म्हणजे फाटकावर पुन्हा तीच गर्दी. माझं परतीचं तिकीट काढून झालंय. फाटकातून चालत निघणारे आणखी कोणी मराठी असतील तर बरोबर जाऊ.