तुम्ही विचारलंत म्हणून: एवढे चतुर येतात कुठून?

पाऊस ओसरू लागला की फोंड्यात कुणी ना कुणी मला विचारतंच: काल-परवापर्यंत दिसत नव्हते, मग आज शेतावर, अंगणात एवढे चतुर आले कुठून?

बरेचसे इथलेच. गेले कित्येक दिवस ते देवळाच्या तळीत, पाटात, भातशेतीच्या पाण्यात वाढत होते. फक्त त्या रूपात आपण त्यांना ओळखत नाही. अंड्यातून निघते ती मळकट तपकिरी, बिनपंखी अळी. तिचा खालचा ओठ लांब असतो आणि घडी करून तोंडाखाली ठेवलेला असतो. डासाची अळी टप्प्यात आली की हा ओठ झटक्यात पुढे जातो आणि टोकाच्या आकड्यांत ती पकडून आणतो. श्वास घेते ती पोटाच्या मागच्या टोकाशी, आत असलेल्या कल्ल्यांनी. धोका दिसला की तिथलंच पाणी जोरात मागे फेकून ती सटकते. हा प्राणी पाण्यातच खरा पाहावा, असं माझं मत आहे.

"मग याचा कोश कुठे असतो?" हा पुढचा प्रश्न. डास कोशात जातो, फुलपाखरू जातं, चतुर नाही. अळी दहाएक वेळा, काही जातींत त्याहूनही जास्त वेळा कात टाकते आणि पाठीवरचे पंखांचे कोंब मोठे होत जातात. शेवटी, बहुधा रात्री किंवा पहाटे, ती गवताच्या पात्यावर चढते. पाठ उकलते. डोकं, छाती, पाय बाहेर येतात आणि तो जीव मागे वाकून लटकत राहतो, पाय घट्ट होईपर्यंत. मग एकदम उसळी मारून तीच कात धरतो आणि पोट ओढून काढतो. चुरगळलेल्या पंखांत शरीरातला द्रव भरतो, पंख ताणले जातात, मग वाळतात. मागे उरलेल्या कातीत पांढरे बारीक धागे दिसतात. ते श्वासनलिकांचं अस्तर. आतल्या नळ्यांचीसुद्धा कात निघते, हे मला दर वेळी थक्क करतं!

ऑक्टोबरच्या सुमारास थव्याने उडणारे पॅन्टाला जातीचे पिवळसर चतुर मात्र दूरचेही असू शकतात. ही जात पावसाच्या तात्पुरत्या डबक्यांत दीड-दोन महिन्यांत वाढते. भारतावरून मालदीवमार्गे समुद्र ओलांडून ती पूर्व आफ्रिकेपर्यंत जाते, असं अभ्यासक मानतात.

तळी साफ करताना काठाचं सगळं गवत उपटतात, तेव्हा मला फार वाईट वाटतं. टाचण्या (चतुरांचे सडपातळ, नाजूक भाऊबंद) आणि काही चतुर पाणवनस्पतींच्या देठातच अंडी घालतात. गाळ काढा, पण एक कडा तरी हिरवी ठेवा.

आणि पहाटे काठावर फिकट, लुसलुशीत चतुर दिसला तर त्याला उचलू नका. ओले पंख एकदा मुडपले की तसेच वाळतात.